उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारताना नेमके काय लिहावे?

प्रश्न : लेथवाली

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा तीस माणसांचा कारखाना आहे. मोठ्या कारखान्यांना लागणारी जिग्ज आणि फिक्स्चर, म्हणजे काम चालू असताना सुटा भाग नेमक्या जागी धरून ठेवणारी साधने, आम्ही बनवून देतो. कोटेशन पाठवण्यापासून माल गाडीत चढेपर्यंत ग्राहकाशी होणारा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे, आणि या कामाचा निम्मा भाग म्हणजे एकदा विचारलेली गोष्ट पुन्हा विचारणे.

गेल्या महिन्यात एका ग्राहकाकडे फिक्स्चरचे ड्रॉइंग मंजुरीसाठी पाठवले होते. तिथले खरेदी अधिकारी मराठी आहेत आणि सुरुवातीपासून मराठीतच लिहितात, म्हणून मीही मराठीत लिहिते. नऊ दिवस उत्तर आले नाही, तेव्हा मी व्हॉट्सॲपवर पुढील संदेश पाठवला :

«नमस्कार सर, ड्रॉइंगच्या मंजुरीचे काय झाले? मी मागच्या सोमवारीच पाठवले होते. अजून काहीच उत्तर आलेले नाही. तरी कृपया लवकरात लवकर कळवावे.»

दहा मिनिटांत उत्तर आले : «आम्हालाही कामं असतात, मॅडम.»

मी तो संदेश चारदा वाचला. नमस्कार आहे, सर आहे, कृपया आहे, आणि एकही वावगा शब्द मला सापडला नाही. मालकांना दाखवला तर ते म्हणाले, «गोड बोलून काम काढायला शीक.» म्हणून दुसऱ्या एका ग्राहकाला लिहिताना मी इतके गोड लिहिले की आता वाचताना मलाच कसेसे होते. «आपल्या व्यग्र दिनक्रमातून सवड मिळेल तेव्हा कृपया आमच्या कोटेशनवर नजर टाकावी, त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व» अशी ती भाषा होती. त्यांनी सवड मिळेपर्यंत तीन आठवडे घेतले. आमच्या कोटेशनची मुदत पंधरा दिवसांची असते. तोवर पोलादाचा दर बदलला होता आणि सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला.

जाब विचारल्यासारखे वाटू नये आणि हातापाया पडल्यासारखेही वाटू नये, असे मराठीत कसे लिहितात? इंग्रजीत यासाठी ठरलेली वाक्ये आहेत, पण ती भाषांतर करून लिहिली की मराठी वाटत नाहीत.

---

उत्तर : प्रतीक्षाधीन

ताई, मी एका शासकीय कार्यालयातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. सरकारी मराठीची थट्टा करायला सगळ्यांनाच आवडते, आणि ती पुष्कळदा रास्तही असते. पण तुमच्या प्रश्नापुरती त्या भाषेत एक सोय आहे, तिचे नाव स्मरणपत्र.

स्मरणपत्राच्या डोक्यावर विषय असतो आणि त्याखाली संदर्भ असतो : «या कार्यालयाचे पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक.» त्यानंतर मजकूर जेमतेम दोन-तीन ओळींचा. «उपरोक्त विषयाबाबत संदर्भीय पत्रान्वये माहिती मागविण्यात आली होती. सदर माहिती अद्याप अप्राप्त आहे. ती दिनांक इतकेपर्यंत पाठविण्यात यावी.» यात पाठवणाऱ्याचा राग नसतो आणि लाचारीही नसते, कारण तक्रार माणसाबद्दल नसून कागदाबद्दल असते. «तुम्ही पाठवली नाही» आणि «अप्राप्त आहे» या दोन वाक्यांत वस्तुस्थिती एकच आहे, पण पहिल्यात समोरचा माणूस आरोपी आहे आणि दुसऱ्यात तो वाक्यातच नाही.

दुसरी गोष्ट मला भाषेपेक्षा महत्त्वाची वाटते. आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत आहे. टेबलावरचे कागद प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (म्हणजे ठरावीक काळाने पाठवायची विवरणे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे अशा सहा गठ्ठ्यांत लावायचे असतात. पैकी प्रतीक्षाधीन म्हणजे ज्या प्रकरणात आपण आपले काम केलेले आहे आणि आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची आहे, ती प्रकरणे. (माझे इथले नाव त्यावरूनच घेतले आहे.) चांगला लिपिक पत्र जावक होतानाच पुढची तारीख घालून ठेवतो आणि त्या तारखेला स्मरणपत्र काढतो. त्यात त्याच्या मनःस्थितीचा प्रश्न येत नाही, तारीख आली की स्मरणपत्र निघते. खासगी नोकरीतली माणसे मात्र अस्वस्थता पुरेशी साठली की मग लिहायला बसतात, आणि ती अस्वस्थता शब्दांत उतरल्याशिवाय राहत नाही. तुमचा पहिला संदेश नऊ दिवसांच्या वाट पाहण्यानंतर लिहिलेला आहे आणि तो तसा वाचला जातो.

ड्रॉइंग पाठवतानाच जर तुम्ही लिहिले असते की «मंजुरीच्या स्थितीबाबत पुढील सोमवारी आपल्याला फोन करीन», तर सोमवारचा फोन हा पाठपुरावा राहिला नसता. आधी सांगितल्याप्रमाणे केलेला तो फोन ठरला असता.

जाता जाता : महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. त्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती, म्हणजे फाइल, सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. तातडीची असल्यास चार दिवस, आणि अगदी तत्काळ स्वरूपाची असल्यास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली पाहिजे. हा नियम किती पाळला जातो, ते ज्यांनी खेटे घातले आहेत त्यांना ठाऊक आहे. तरीही सात दिवस हा आकडा मला पटतो. खासगी कामातही त्याआधी विचारले तर घाई वाटते, आणि फार उशिरा विचारले तर तुम्हालाच त्या कामाची गरज नसावी असे वाटते.

---

उत्तर : अर्धविराम

मी मुद्रितशोधनाचे काम करते, त्यामुळे माझी नजर ताईंच्या चार वाक्यांवर अडकली. त्यांना वावगा शब्द सापडला नाही हे खरे आहे. डंख शब्दांत नसून चिटुकल्या अव्ययांत आहे.

«सोमवारीच» मधला «च» पाहा. «सोमवारी पाठवले होते» ही माहिती आहे, तर «सोमवारीच पाठवले होते» यात «मी माझे काम वेळेवर केले, तुम्ही केले नाही» हे अख्खे वाक्य दडलेले आहे. पुढे «काहीच» मध्ये तोच «च» पुन्हा आला आहे. दोन ओळींत दोन वेळा टोचल्यावर माणूस «आम्हालाही» असे म्हणणारच. त्यांच्या उत्तरातला «ही» हा तुमच्या «च» ला दिलेला जबाब आहे.

«अजून» आणि «अद्याप» यांचा अर्थ एक असला तरी वजन वेगळे आहे. «अद्याप» कागदावरचा शब्द आहे आणि तो थंड आहे. «अजून» आपण घरात वापरतो, «अजून उठला नाहीस?» असा, आणि तो सूर त्याला चिकटून येतो. दोन्ही टाळता आले तर उत्तम.

«काय झाले?» हा प्रश्न काम पूर्ण झालेले असावे असे गृहीत धरतो. समोरच्याने ते केलेले नसेल, तर त्याच्यापुढे कबुली देणे किंवा चिडणे एवढेच पर्याय उरतात. «कुठपर्यंत आले आहे?» किंवा «सध्या कोणत्या टप्प्यावर आहे?» असे विचारले की «डिझाइनकडे गेले आहे», «साहेब रजेवर आहेत», «अर्धे बघून झाले आहे» ही सगळी उत्तरे मान खाली न घालता देता येतात.

«लवकरात लवकर» हा शब्दप्रयोग मी तर बंदच करून टाकला असता. त्यात घाई पुरेपूर आहे आणि तारीख कुठेच नाही. वाचणाऱ्याला दडपण जाणवते, पण नेमके कधी करायचे ते कळत नाही.

«कळवावे» याबद्दल मात्र मी साशंक आहे. विध्यर्थी रूप कागदावर आदराचे वाटते, पण फोनच्या पडद्यावर, दोन ओळींच्या संदेशात, ते आदेशासारखे वाचले जाते. प्रतीक्षाधीन काकांनी यावर लिहावे.

दुसऱ्या, गोड संदेशाबद्दल एकच सांगते. «सवड मिळेल तेव्हा» असे लिहून तुम्ही तुमची मुदत स्वतःच्या हाताने रद्द केलीत. त्यांनी तुमचे म्हणणे शब्दशः पाळले. ज्या कामाला तारीख आहे, तिथे «सवडीने», «जमल्यास», «सहज विचारले» हे शब्द नम्र नाहीत, ते खोटे आहेत.

---

उत्तर : प्रतीक्षाधीन

«कळवावे» बद्दलची शंका रास्त आहे. सरकारी पत्रव्यवहारात क्रियापदावरून पायरी कळते. वरिष्ठ कार्यालय कनिष्ठाला «कळवावे» लिहिते. कनिष्ठ कार्यालय वरिष्ठाला «कळविण्याची विनंती आहे» किंवा «आदेश व्हावेत, ही विनंती» असे लिहिते आणि कागद «सविनय सादर» करते. समान पातळीवर «कळवावे, ही विनंती» चालून जाते. ग्राहकाला नुसते «कळवावे» लिहिले की नकळत पायरी उलटते. व्हॉट्सॲपवर सरळ «कळवाल का?» असे लिहावे. ते बोलीतले आहे आणि त्यात प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे उत्तर देण्याचा अधिकार समोरच्याकडे राहतो.

आणखी एक राहिले. दोन-तीन स्मरणपत्रांनी काम झाले नाही, तर आमच्याकडे अर्धशासकीय पत्र निघते. एरवीचे पत्र पदनामाला जाते, हे मात्र «प्रिय श्री. अमुक» असे नावाने सुरू होते आणि अधिकारी त्यावर स्वतः सही करतो. मजकूर तोच असतो, पण आता विषय कार्यालयाचा न राहता दोन माणसांमधला होतो. खासगी क्षेत्रात याला समांतर म्हणजे तुमच्या मालकांनी त्यांच्या वरिष्ठांना केलेला फोन. तो पहिल्याच आठवड्यात करू नये, कारण ते शस्त्र एकदाच चालते.

---

उत्तर : खरेदीतला माणूस

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. खरेदी विभागात चौदा वर्षे झाली, आणि «आम्हालाही कामं असतात» हे वाक्य मीही कधीतरी लिहिलेले आहे, म्हणून आमची बाजू मांडतो.

पुरवठादाराला वाटते की ड्रॉइंग माझ्याकडे अडले आहे. बहुतेक वेळा ते माझ्याकडे नसतेच. मी ते डिझाइनला पाठवलेले असते, डिझाइनने उत्पादन विभागाचा अभिप्राय मागवलेला असतो, आणि तिथला माणूस ऑडिटमध्ये गुंतलेला असतो. तुमचा संदेश आला की मलाही तेच करावे लागते जे तुम्ही करत आहात, म्हणजे दुसऱ्या कोणाकडे तरी जाऊन «काय झाले?» असे विचारावे लागते. म्हणून जो संदेश मला जसाच्या तसा पुढे पाठवता येतो, त्याचे काम आधी होते. «त्या ड्रॉइंगचे काय झाले?» हा संदेश मी कोणाला पाठवू? त्यात कोणते ड्रॉइंग, कोणती रिव्हिजन, कधी पाठवले होते, यातले काही नसते. मग मला मेल उघडून शोधावे लागते, आणि शोधायचे म्हटले की ते काम संध्याकाळवर जाते, आणि संध्याकाळ कशी असते हे मी सांगायला नको.

मागे एका पुरवठादाराने पाठवलेला संदेश मी जपून ठेवला होता. त्यात ड्रॉइंग पुन्हा जोडलेले होते, ज्या एका मापाबद्दल शंका होती त्याभोवती लाल गोल केला होता, आणि खाली लिहिले होते : «हे माप १२ ठेवायचे की १२.५, एवढेच कळले तरी आम्ही काम सुरू करू शकतो.» मी तो तसाच डिझाइनच्या माणसाला पाठवला. त्याने «१२.५» एवढेच लिहिले. चार मिनिटांत विषय संपला. त्या संदेशात कृपया नव्हते, विनंती नव्हती, आणि तरीही गेल्या कित्येक वर्षांत मला आलेल्या संदेशांत तो सर्वांत सौजन्याचा होता असे मी म्हणेन, कारण त्याने माझे काम कमी केले.

आता तक्रारी. «नमस्कार सर» एवढेच लिहून माझ्या नमस्काराची वाट पाहत बसू नका. जे विचारायचे ते त्याच संदेशात लिहा. नुसते प्रश्नचिन्ह पाठवू नका. मेल पाठवून पाचव्या मिनिटाला «मेल केला आहे» असा फोन करू नका. आणि रविवारी सकाळी विचारू नका, उत्तर देण्यासारखे असले तरी त्या दिवशी मी मुद्दाम देत नाही.

---

उत्तर : पुलाखालून

एवढा विचार करण्यापेक्षा इंग्रजीत मेल टाकावा. त्या भाषेत आपण-तुम्ही नाही, विध्यर्थ नाही, «च» नाही. कोणाला राग येत नाही आणि नोंदही राहते.

---

उत्तर : अर्धविराम

नोंद मराठी मेलचीही राहते. इंग्रजीत राग येत नाही हे मला मान्य नाही. तिथे तो कळायला आपल्याला उशीर लागतो इतकेच. शिवाय समोरचा माणूस मराठीत लिहीत असताना, त्याने एकदा सुनावल्यावर आपण अचानक इंग्रजीवर गेलो, तर तो रुसवाच समजला जाईल.

---

उत्तर : येणेबाकी

मंजुरी मागणे सोपे आहे, ताई. पैसे मागायची वेळ येईल तेव्हाची तयारी आत्ताच करून ठेवा. माझे छोटेसे पावडर कोटिंगचे युनिट आहे आणि माझा निम्मा पाठपुरावा थकलेल्या बिलांचा असतो.

आपल्याकडे स्वतःचेच पैसे मागताना माणूस ओशाळतो. «जरा अडचण होती म्हणून» अशी सुरुवात करून आपण आपले हक्काचे येणे उसनवारीसारखे मागतो. मी ते सोडून दिले आहे. तुमचा कारखाना उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार खरेदीदाराने लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करारच नसेल, तर मुदत १५ दिवसांची. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने, व्याज लागते. शिवाय २०२३ साली प्राप्तिकर कायद्याच्या ४३-बी कलमात एक पोटकलम घातले गेले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही, ती वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. त्यामुळे मार्च महिन्यात त्यांच्या लेखा विभागालाच आपली आठवण येऊ लागली आहे.

हे सगळे धमकी म्हणून लिहायचे नाही. मी फक्त प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि «देय दिनांक» छापतो आणि त्या तारखेच्या पाच दिवस आधी, म्हणजे काहीच थकलेले नसताना, लिहितो : «बिल क्रमांक अमुक, देय दिनांक १८. बिलात किंवा जीएसटीच्या तपशिलात काही दुरुस्ती हवी असल्यास आत्ताच कळवाल का, म्हणजे १८ तारखेला अडचण येणार नाही.» मुदत उलटण्याआधी विचारल्यामुळे कोणीच चुकलेले नसते आणि बिल तर आपोआप वर येते. पुष्कळदा असे कळते की बिल लेखा विभागाकडे पोहोचलेलेच नाही, ते गेटवरच्या आवक नोंदीतच अडकले आहे.

मुदत उलटून महिना गेला आणि फोनही उचलला जात नसेल, तर मात्र नम्रपणा पुरे. तिथे मी लेखी सूचना देतो आणि पुढचा माल थांबवतो. प्रतीक्षाधीन काकांचे स्मरणपत्र सरकारी पगारावर परवडते, मला कामगारांचा पगार सात तारखेला करायचा असतो.

---

प्रश्नकर्ती : लेथवाली

सगळ्यांचे आभार. काकांचा «प्रतीक्षाधीन» हा शब्द मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून त्याखाली तारखा घालायला सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशीच अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या तीन आमच्याच मालकांच्या सहीसाठी थांबलेल्या आहेत.

ज्या अधिकाऱ्यांनी मला सुनावले होते, त्यांना काल सकाळी पुढील संदेश पाठवला. खरेदीतल्या दादांच्या सांगण्याप्रमाणे तो पुढे पाठवता येईल असा लिहिला आणि अर्धविराम ताईंच्या सांगण्याप्रमाणे पाठवण्याआधी त्यातले दोन «च» काढले.

«नमस्कार सर. वेल्डिंग फिक्स्चरचे ड्रॉइंग, रिव्हिजन १, आमच्याकडून मागच्या महिन्याच्या ६ तारखेला पाठवले होते. सोयीसाठी सोबत पुन्हा जोडले आहे. त्याची मंजुरी सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे कळवाल का? आमच्या ताज्या कोटेशनमधले दर शुक्रवारपर्यंत लागू आहेत. गुरुवारी दुपारपर्यंत मंजुरी मिळाल्यास याच दरात पोलाद उचलता येईल. तोवर शक्य नसेल, तर तसे सांगावे, म्हणजे मी सुधारित कोटेशन तयार ठेवते.»

दुपारी जेवणाच्या सुट्टीत उत्तर आले : «डिझाइनवाल्यांनी लोकेटिंग पिनचा व्यास बदलायला सांगितलाय. मागच्याच महिन्यात आलं होतं त्यांचं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.»

या वेळचा «च» त्यांचा आहे, त्यामुळे मी त्याकडे दुर्लक्ष केले. म्हणजे आम्ही ज्या मंजुरीची वाट पाहत होतो ती येणारच नव्हती, आणि आमच्या संदेशावर ते चिडले तेव्हा हे त्यांना माहीत होते की नव्हते, ते मी विचारले नाही. पिनचा व्यास बदलून रिव्हिजन २ आज सकाळी पाठवली आहे. शेवटी लिहिले आहे की सोमवारी अकरा वाजता फोन करीन.

येणेबाकी दादा, आमची उद्यम नोंदणी आहे, पण बिलावर तो क्रमांक छापलेला नाही असे आजच पाहिले. लेखापालांना सांगितले आहे, आणि वहीत त्यांच्या नावापुढे बुधवारची तारीख घातली आहे.